बांबूला जामीन कोण?

गडचिरोलीतल्या धानोऱ्यात बँकेत कर्ज मागायला निघालेल्या माणसाने घरून भरपेट जेवून निघावं. सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, फोटो, दोन जामीनदार आणि तालुक्यात पैसे देणाऱ्या जेवढ्या संस्था असतील त्या सगळ्यांचं 'नो ड्यूज'. हे जमेस्तोवर धान निसवतं. त्यातून तो वनहक्काचा पट्टा घेऊन आला असेल तर साहेब कागद उलटासुलटा करून बघतात आणि म्हणतात, "हा गहाण पडत नाही."

साहेबांचं चुकत नाही. वनहक्क कायद्याच्या कलम 4(4) प्रमाणे ही जमीन वारसाला मिळते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. सावकाराने गिळू नये म्हणून केलेली सोय. बँकेने ती स्वतःच्या अंगाला लावून घेतली.

"पण बांबू आहे ना जी. अठराशे हेक्टर जंगल आहे गावाचा."

"बांबूला जामीन कोण?"

याचं उत्तर याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने देऊन ठेवलं आहे. 2009 मध्ये या गोंड गावाला 1,800 हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो वनखातं देईना. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एक पावतीपुस्तक पोचवायला एवढी मोठी माणसं एवढ्या आत आल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही. त्यानंतर ग्रामसभेने बांबू विकला, मजुरी चुकती केली, हिशेब सभेत वाचून दाखवला.

आता हाच बांबू, पण गिऱ्हाईक मोठं. बल्लारपूरच्या पेपर मिलला गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षं सरकारी कराराने मिळत होता. तेव्हा बांबूला जामीन कोण, असं कुणी विचारलं नाही. असल्या करारांचा भाव काय असतो, ते पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी कर्नाटकात पाहून ठेवलं: मिलला दीड रुपया टन, आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला बाजारात तोच बांबू दीड हजार रुपये टन. कर्जाच्या फायलीत याला 'कच्च्या मालाची उपलब्धता उत्तम' म्हणत असावेत. पुढे जानेवारी 2020 मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीज ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सातबारा, जामीनदार, नो ड्यूज, सगळं तपासून झालं होतं म्हणायचं! मेंढ्याची ग्रामसभा मात्र कुणाचे पैसे बुडवून पळाली नाही. पळणार कुठे? जंगल तिथेच आहे.

बँका निष्काळजी आहेत असं आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या आता दरवर्षी जबाबदारीचा जाडजूड अहवाल काढतात. सेबीने शेअर बाजारातल्या मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना तो सक्तीचा केला आहे. त्यात नऊ तत्त्वं असतात. पाचवं मानवी हक्कांचं, सहावं पर्यावरणाचं. सहाव्याखाली शाखांमधले एलईडी दिवे येतात, छपरावरचे सोलर येतात आणि वाचवलेला कागद येतो. कर्ज दिलेल्या कंपनीने कुणाचा डोंगर खणला, ते या दिव्यांच्या उजेडात दिसायला थोडं लांब पडतं.

डोंगर म्हटलं की इथे सुरजागड आठवतो. एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरावर ठाकूरदेव आहे आणि 2007 पासून लॉईड्स मेटल्सचा 348 हेक्टरांचा लोहखनिजाचा पट्टाही आहे. 2023 च्या मार्चमध्ये वर्षाला 30 लाख टनांची उत्खननाची मर्यादा 1 कोटी टनांवर गेली. त्याच महिन्यात त्याच तालुक्यातल्या तोडगट्ट्याला माडिया आदिवासींच्या ग्रामसभा खाणींविरुद्ध धरण्यावर बसल्या, आणि नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी त्यांना उठवलं. अशा डोंगरावरच्या कुठल्याही प्रकल्पासाठी कुणी कर्ज मागितलं, तर ठाकूरदेवाचं नाव कोणत्या रकान्यात लिहिणार? त्याच्याकडे पॅन नाही.

बाहेरच्या देशांत रकाना सापडतो. नॉर्वेच्या पेन्शन फंडाने 2007 मध्येच वेदांता या खाण कंपनीला गुंतवणुकीच्या यादीतून काढलं. सहा वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या 12 ग्रामसभांना वेदांताच्या खाणीबद्दल विचारलं गेलं, तेव्हा बाराही 'नाही' म्हणाल्या. आपल्या स्टेट बँकेने याच्या उलट, 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अदानींच्या कोळसा खाणीसाठी 1 अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाचा सामंजस्य करार केला होता. ती खाण पुढे अदानींनी स्वतःच्या पैशाने उभारायचं जाहीर केलं. तरीही 2020 मध्ये सिडनीच्या मैदानावर, भारताचा सामना चालू असताना, स्टेट बँकेच्या अशा कर्जाविरुद्ध फलक घेऊन एक जण थेट खेळपट्टीकडे गेला. धानोऱ्यातल्या खातेदाराला काउंटरच्या काचेपलीकडे जाता येत नाही.

वाचकहो, या महिन्यात तुमच्या मुदत ठेवीचं नूतनीकरण असेल तर साहेबांना एवढंच विचारा: आमचे पैसे ज्या खाणीला, ज्या कारखान्याला देता, त्यांच्याकडून ग्रामसभेचा ठराव मागता का? प्रश्न अर्जात लिहा, उत्तर लेखी मागा. त्यांनी केवायसीचा फॉर्म पुढे केला तर तोही भरा, पण अर्जावर बँकेचा शिक्का आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.