पहिल्या पानाचं भाडं

नवी वेबसाइट सुरू करा, काही दिवसांत मेल येतोच. ‘तुमची साइट पाहिली, फार आवडली, पण गुगलवर दिसत नाही. आम्ही पहिल्या पानावर आणू.’ खाली पॅकेज. महिन्याला इतक्या बॅकलिंक (दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंक), इतक्या गेस्ट पोस्ट, सगळ्या साइट ‘डीए ५०’च्या वरच्या. साइट खरंच पाहिली असती, तर तिच्याबद्दल एक तरी वाक्य लिहिलं असतं.

असे मेल गुगललाही येतात. ‘तुमची साइट सर्च इंजिनांत दिसत नाही’ हे चक्क गुगलला कळवणारे! एसइओवाला (साइट गुगलवर वर आणून देणारा) कसा निवडावा हे सांगणाऱ्या आपल्या पानावर गुगलनंच हे लिहून ठेवलं आहे. त्याच पानावर आणखी एक वाक्य आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. आणि पॅकेजमध्ये ठळक अक्षरांत काय असतं?

हमी.

मुळात लिंकला भाव आला कसा? लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये पेजरँकची पद्धत मांडली. एका पानानं दुसऱ्याला लिंक दिली, की ती शिफारस धरायची. आणि शिफारस करणाऱ्याचं स्वतःचं वजन किती, तेही मोजायचं. तालुक्याच्या गावात चार जाणती माणसं एकाच डॉक्टरचं नाव घेतात, तेव्हा आपण दुसरीकडे चौकशी करत नाही. त्या चौघांना डॉक्टरनं पैसे चारलेत हे कळलं, तर?

शिफारसी मोजल्या जातात म्हटल्यावर विकल्याही जाणारच. चार वर्षांत दुकान उघडलं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात सर्चकिंग नावाच्या कंपनीनं २००२ मध्ये पेजरँक बघून लिंकच्या जाहिराती विकायला काढल्या. गुगलनं तिचाच रँक खाली आणला. कंपनी कोर्टात गेली. २००३ मध्ये दावा फेटाळला गेला. रँक हे गुगलचं मत आहे आणि मत मांडायचं स्वातंत्र्य घटनेनं दिलं आहे, असं कोर्टाचं म्हणणं. म्हणजे साइट खाली गेली, तर दाद मागायची कुठे?

गुगलकडेच.

आता जेसी पेनीचं प्रकरण. पॅकेज विकणारे ते कधी काढत नाहीत, म्हणून ते नीट सांगायला हवं. अमेरिकेतली ही शंभर वर्षांहून जुनी दुकानसाखळी. २०१० च्या अखेरीस, ऐन खरेदीच्या दिवसांत, ड्रेस शोधा, चादरी शोधा, गालिचे शोधा, गुगलवर पहिलं नाव जेसी पेनीचंच. सॅमसोनाइटची बॅग शोधली, तरी खुद्द सॅमसोनाइटच्या वर जेसी पेनी. हे एवढं कौतुक कोण करत होतं?

न्यूयॉर्क टाइम्सच्या डेव्हिड सीगल यांनी एका जाणकाराला तपासायला लावलं. ‘ड्रेसेस’, ‘इव्हनिंग ड्रेसेस’, ‘लिटल ब्लॅक ड्रेस’ अशा शब्दांवरून जेसी पेनीकडे नेणारी २,०१५ पानं सापडली. कसली पानं? घोरण्यावरची, कुत्र्यांवरची, बाथरूमच्या टाइल्सवरची, डायमंड ड्रिलवरची. ज्याला भिंतीला भोक पाडायचंय, त्याला काळा ड्रेस कशाला दाखवायचा? त्याला दाखवायचाच नव्हता. गुगलला दाखवायचा होता.

फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलनं मशीनवर न सोपवता माणसांकरवी कारवाई केली. त्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता ‘लिव्हिंग रूम फर्निचर’ शोधलं, तर जेसी पेनी पहिल्या क्रमांकावर. नऊ वाजता ६८ व्या. टाइम्सनं ५९ शब्दांवर नजर ठेवली होती. १ फेब्रुवारीला सरासरी जागा होती १.३. दहा तारखेला ५२. बावन्नाव्या जागेपर्यंत तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?

कंपनी म्हणाली, या लिंकबद्दल आम्हाला काहीच माहीत नव्हतं. तिनं आपल्या एसइओ एजन्सीला काढून टाकलं. नसेल माहीत. पण शिक्षा साइटला झाली. एजन्सी उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाईल. तुमचं डोमेन कुठे जाणार?

जेसी पेनी काही महिन्यांत वर आली. तिची देशभर दुकानं होती, ग्राहक चालत येत होते. ज्याचं दुकान म्हणजे फक्त ती वेबसाइट आहे, त्याचं काय?

अशांचं काय होतं, ते पेंग्विननं दाखवलं. २४ एप्रिल २०१२ ला गुगलनं असल्या लिंक पकडणारा हा बदल आणला आणि इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. साइट पडल्यावर लोकांनी लिंक काढल्या, काढता येत नव्हत्या त्या ‘या आमच्या धरू नका’ म्हणून गुगलला कळवल्या. आणि थांबले. कारण पेंग्विनची पुढची फेरी होईपर्यंत सुटका नव्हती. ऑक्टोबर २०१४ नंतरची मोठी फेरी आली सप्टेंबर २०१६ मध्ये. जवळजवळ दोन वर्षं. पगार आणि कर्जाचे हप्ते कुठल्याही फेरीसाठी थांबत नाहीत.

‘आता तसं राहिलं नाही,’ असं विक्रेता सांगेल. त्यात तथ्य आहे. २०१६ पासून पेंग्विन सतत चालू असतो आणि साइट ढकलून देण्याऐवजी बहुधा त्या लिंककडे दुर्लक्ष करतो. डिसेंबर २०२२ पासून गुगलची स्पॅमब्रेन ही यंत्रणा लिंक विकत घेणाऱ्या साइटही हुडकते आणि लिंक पुरवण्यासाठीच उभारलेल्या साइटही. माणसांकरवी होणारी कारवाई आहेच, पण बऱ्याचदा काहीच होत नाही. साइट खाली जात नाही, वरही येत नाही. फक्त दर महिन्याला पैसे जातात.

आणि हे कळतही नाही! गुगल सर्च कन्सोल तुम्हाला लिंकची यादी दाखवतं. त्यातली कुठली मोजली आणि कुठली फेकून दिली, हे दाखवत नाही. मग पॅकेजचा कस लावायचा कशावर? घेणाऱ्याला माल तपासता येत नाही, हे एक वेळ समजू शकतं. इथे विकणाऱ्यालाही आपला माल चालतो की नाही, हे ठाऊक नसतं.

म्हणून तो डीए दाखवतो. डोमेन अथॉरिटी. एक ते शंभर. हा आकडा गुगलचा आहे, असं समजून कितीतरी लोक पैसे मोजतात. तो मॉझ या खासगी कंपनीचा अंदाज आहे. डीआर म्हटलं, तर तो एएचरेफ्सचा. गुगल यातला एकही आकडा वापरत नाही. गुगलचा स्वतःचा पेजरँक पूर्वी ब्राउझरच्या टूलबारवर दिसायचा. तोच आकडा बघून लिंकचे भाव ठरू लागले, आणि २०१६ मध्ये गुगलनं तो दाखवणं कायमचं बंद केलं. बाजारानं काय केलं? दुसऱ्याची मोजपट्टी उचलली आणि भाव तसेच ठेवले.

बरं, डीए चांगला असलेली साइट म्हणजे चांगली साइट का? एखाद्या संस्थेचं डोमेन नूतनीकरणाअभावी सुटतं. कुणीतरी ते उचलतं. जुनी पुण्याई असते, आकडा चांगला असतो, लिंक विकायला मोकळी. मार्च २०२४ मध्ये गुगलनं या प्रकाराला आपल्या स्पॅम धोरणात नावानिशी जागा दिली आणि उदाहरण दिलं ते पूर्वी प्राथमिक शाळेची असलेल्या साइटवर चालणाऱ्या जुगाराच्या मजकुराचं. ‘एज्युकेशन साइटवरची लिंक, थोडा जास्त चार्ज पडेल’ असं कुणी म्हणालं, तर ती साइट आधी उघडून बघा. मुलं अजून शिकताहेत ना?

शिकत असली, तरी हुरळून जाऊ नका. ओव्हरस्टॉक या अमेरिकी ऑनलाइन दुकानानं विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना सवलत देऊ केली, बदल्यात कॉलेजांच्या पानांवरून आपल्या मालाला लिंक मिळवल्या. कॉलेजं खरी, विद्यार्थी खरे. २०११ मध्ये गुगलनं ओव्हरस्टॉकलाही खाली आणलं. नोटा मोजल्या नाहीत म्हणून व्यवहार झाला नाही, असं होत नाही.

वर्तमानपत्रातली लिंक तर सगळ्यात महाग. तिथेही तेच. फेब्रुवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधली फुलांची कंपनी इंटरफ्लोरा स्वतःच्या नावानं शोधूनही सापडेना. तिच्या लिंक असलेले जाहिरातवजा लेख प्रादेशिक वर्तमानपत्रांच्या साइटवर ढिगानं छापले गेले होते. त्या वर्तमानपत्रांचाही पेजरँक घसरला. घेणाराही सापडला, देणाराही.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे नव्यानं सांगायला नको. २००९ च्या निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्या आपण वाचल्या आहेत, पी. साईनाथ यांनी ते प्रकरण लावून धरलं, प्रेस कौन्सिलला चौकशी करावी लागली. तेव्हा चीड कशाची आली होती? उमेदवारानं जाहिरात केली याची नाही. जाहिरात आहे, हे लपवलं याची.

गुगलचा नियम वेगळं काही सांगत नाही. पैसे देऊन लिंक घ्या, खुशाल घ्या; तिच्यावर ‘स्पॉन्सर्ड’ असा टॅग लावा. यासाठी चालणारा जुना ‘नोफॉलो’चा टॅग २००५ पासून आहे, स्पॉन्सर्डचा २०१९ पासून. मात्र टॅग लावला, की रँकिंगसाठी ती लिंक जमेस धरायचं कारण उरत नाही. विक्रेता टॅग का लावत नाही, हे आता वेगळं सांगायला हवं का?

आणि हा नियम गुगल फक्त दुसऱ्यांना लावतं असंही नाही. २०१२ च्या जानेवारीत क्रोम ब्राउझरच्या प्रचारासाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या लेखांत अशी एक लिंक सापडली. गुगलनं क्रोमचं पान किमान ६० दिवसांसाठी खाली टाकलं. क्रोम! त्याआधी २००९ मध्ये गुगल जपानचा पेजरँक अशाच कारणानं ९ वरून ५ वर आणला होता. गुगलच्याच दोन पानांना जे पचलं नाही, ते तुमच्या होमस्टेला पचेल, असं सांगणाऱ्याचं धाडस बघा.

होमस्टेचं नाव घेतलं, कारण हे पॅकेज खपतं ते अशाच ठिकाणी. तारकर्लीत दोन खोल्या भाड्यानं देणारी बाई, देवगडचा हापूस घरपोच पाठवणारा मुलगा, साताऱ्यातला क्लासवाला. यांना गुगल कसं चालतं हे समजून घ्यायला वेळ नाही, आणि तो नसणं हा गुन्हा नाही. त्यांच्या या अडचणीवर कुणीतरी दरमहा भाडं वसूल करतं, याचा मात्र संताप येतो. पैसे थांबवले, की कित्येक लिंक निघूनही जातात.

हापूसवाल्याचा हिशोब तर सरळ आहे. एसइओच्या कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, असं गुगलचेच लोक सांगत आले आहेत. फेब्रुवारीत पॅकेज घेतलं, तर परिणाम दिसायला जून उजाडणार. जूनमध्ये पेटी कुणाला पाठवायची?

होमस्टे शोधणारा माणूस आधी नकाशा बघतो. नकाशावरची जागा गुगल तीन गोष्टींवर ठरवतं : जे शोधलं त्याच्याशी तुमचा संबंध किती, तुम्ही किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती आहे. तिसऱ्यात लिंकचा वाटा असतो, तसा परीक्षणांचाही. पहिल्या दोन गोष्टी कुठल्याही पॅकेजमध्ये मिळत नाहीत. आणि अनेकांच्या बिझनेस प्रोफाइलवर अजून खोलीचा धड फोटो नाही, फोन नंबर जुनाच आहे. आधी तो बदला. फुकट आहे.

म्हणजे लिंकसाठी पैसा खर्चच करायचा नाही? करायचा, माणसांवर. तुमच्या किनाऱ्यावरच्या कासवांच्या घरट्यांबद्दल नीट माहिती लिहून घ्या, चांगले फोटो काढून घ्या. पर्यटनावर लिहिणारा माणूस आपणहून तिकडे बोट दाखवेल. हे संथ काम आहे. त्याचा महिन्याला ठरलेला आकडा देता येत नाही, म्हणून ते पॅकेजमध्ये बसत नाही.

तरीही एजन्सीशी बोलायचंच असेल, तर साइटची यादी पैसे देण्याआधी मागा. ‘ती गोपनीय आहे’ म्हणाले, तर विषय संपला. तुमची लिंक जगाला दिसणार आहे. तुम्हालाच का दिसू नये? यादी दिली, तर त्यातली पाच पानं उघडा. एकाच पानावर कर्ज, केसगळती आणि क्रिप्टो शेजारी शेजारी बसले असतील, तर तिथे आंबा घ्यायला कोण येणार आहे? लिंकवरून एकही गिऱ्हाईक येण्यासारखं नसेल, तर ती लिंक घोरण्याच्या पानावरच्या काळ्या ड्रेससारखीच.

आणि करारात एक कलम घाला. गुगलची कारवाई आली, तर लिंक काढून घेणं, पुनर्विचाराचा अर्ज करणं आणि तोवर बुडालेला धंदा, हे सगळं एजन्सीच्या खर्चानं. पहिल्या पानाची हमी तोंडी देणाऱ्यानं एवढं लेखी द्यायला काय हरकत आहे?