वेताळाचा हिशेबनीस

वेताळाचा हिशेबनीस हा मराठी वाचकांतला एक स्वतंत्र पोटप्रकार आहे. साधा वाचक चित्रकथांतल्या वेताळाची गोष्ट वाचतो, संग्राहक अंक जमवतो आणि हिशेबनीस चित्रकार मोजतो. समुद्रावरचे चाचे पकडले गेले की नाही, वेताळाची डायना सुटली की नाही, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. वेताळ सर्वांत जास्त कोणी काढला, दुसरा कोण, तिसरा कोण, एवढे ठरले की त्याला रात्री झोप लागते. ते ठरत नाही, म्हणून लागत नाही.

या प्रकारातला माणूस बहुधा पुरुष असतो, पन्नाशी ओलांडलेला असतो आणि बँक, विमा किंवा लेखापरीक्षण अशा खात्यातून निवृत्त झालेला किंवा होऊ घातलेला असतो. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च 1964 मध्ये वेताळाच्या गोष्टी छापणारे ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि 1990 मध्ये बंद केले, त्या पाव शतकात त्याचे बालपण कुठेतरी येऊन गेलेले असते. लहानपणी हे अंक त्याने शेजारच्या मुलाकडून आणून वाचले. मोठेपणी तेच अंक मूळ किमतीच्या कैक पटींनी विकत घेतले. वहीत सगळे आकडे लिहिणारा हा माणूस तेवढा एक आकडा कुठेच लिहीत नाही. घरातल्या मंडळींना तो कळू नये, हे त्यामागचे लेखाशास्त्रीय कारण.

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांच्या ढिगाशी तो उकिडवा बसलेला आढळतो. अंक हातात घेण्याच्या पद्धतीवरून त्याला ओळखता येते. मुखपृष्ठ तो पाहत नाही, किंमतही आधी विचारत नाही. मधले एक पान उघडतो, चष्मा कपाळावर चढवतो, कागद नाकापासून चार बोटांवर आणतो आणि वेताळाच्या घोड्याचा पाय पाहतो. पायावरून चित्रकार ओळखता येतो, अशी त्याची श्रद्धा आहे आणि ती बरीचशी खरी आहे. विक्रेता कंटाळून विचारतो, “घ्यायचाय का काका?” काका म्हणतात, “हा बॅरी नाही.” विक्रेत्याला वाटते, काका कुणा हरवलेल्या माणसाला शोधत आहेत.

हिशेबाची सुरुवात सोपी वाटते. ली फॉक या अमेरिकन लेखकाने वेताळ जन्माला घातला. मूळ नाव फँटम. त्याची रोजची चित्रपट्टी 17 फेब्रुवारी 1936 रोजी अमेरिकी वृत्तपत्रांत सुरू झाली आणि रविवारची रंगीत पट्टी मे 1939 मध्ये. फॉक 1999 मध्ये वारला, तोवर तो वेताळाच्या गोष्टी लिहीत होता. म्हणजे लेखकांच्या यादीत पहिल्या क्रमांकाविषयी वादच नाही. नेमके म्हणूनच हिशेबनिसाला लेखकांची यादी करण्यात रस नाही.

पहिला चित्रकार रे मूर. त्याच्या चित्रांत सावल्या दाट, चेहरे अर्धे अंधारात, आणि बायका अशा की जंगलात नव्हे, रात्रीच्या एखाद्या बंदरावर उभ्या असाव्यात. जाणकार त्याला मानतात. हिशेबनीसही मानतो, पण मानण्याला गुण नाहीत. महायुद्धाच्या काळात मूर सैन्यात गेला आणि 1942 पासून त्याचा मदतनीस विल्सन मॅकॉय काम पाहू लागला. त्यानंतरही मूरचा हात अधूनमधून लागत राहिला. चाळीसच्या दशकातल्या या काही वर्षांपाशी हिशेबनिसाचे घोडे पहिल्यांदा पेंड खाते. अमुक पट्टी मूरची की मॅकॉयची, याचा निकाल लावताना तो एका पानावर तीन रंगांच्या खुणा करतो: निळी मूरची, लाल मॅकॉयची, हिरवी संशयाची. वहीत हिरवे रान माजलेले असते.

मॅकॉय 1961 मध्ये अचानक वारला. मधल्या थोड्या काळात बिल लिग्नँटेने काम निभावले आणि त्याच वर्षी साय बॅरी आला. तो 1994 पर्यंत राहिला. इंद्रजालच्या पिढीला वेताळ म्हटले की जो दिसतो, पिळदार दंडाचा, ठसठशीत काळ्या रेषांचा, पाठीमागे खोलवर गेलेले जंगल असलेला, तो बॅरीचा वेताळ. मॅकॉयची माणसे त्यामानाने लाकडी बाहुल्यांसारखी ताठ, सगळ्यांचे नाक एकाच साच्यातले. ज्या महिन्यात मॅकॉयची गोष्ट निघे, त्या महिन्यात हिशेबनिसाने लहानपणी नाक मुरडलेले असते. पुढे जे घडते त्यात या मुरडलेल्या नाकाचा मोठा वाटा आहे.

बॅरीचा हिशेब तो पाठ म्हणून दाखवतो. रोजच्या पट्ट्या आठवड्याला 6, वर्षाला 312. तेहेतीस वर्षांच्या 10,296. रविवारच्या 1,716. एकूण 12,012. हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर मुद्दल आणि व्याज एकाच वेळी परत मिळाल्याचे समाधान असते. मॅकॉयच्या एकोणीस वर्षांच्या रोजच्या पट्ट्या फार तर 5,928, त्यातही हिरव्या खुणा वजा करायच्या. बॅरी पहिला, मॅकॉय दुसरा. खरे तर विषय इथे संपायला हवा.

पण कधीतरी दुसरा हिशेबनीस भेटतो. हे लोक एकमेकांना वासाने शोधतात. दोघे कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसतात, घरातली बाई चहा ठेवून दार ओढून घेते, आणि दुसरा बशीत चहा ओतता ओतता विचारतो, “पण पेन्सिल कोणाची, साहेब?”

हा प्रश्न जीवघेणा आहे. साय बॅरी हा मुळात शाईच्या कामात वाकबगार. इतक्या वर्षांत इतक्या पट्ट्या एकट्याने काढणे माणसाच्या आवाक्यातले नव्हते, म्हणून त्याने मदतनीस ठेवले. जो जिएला, आंद्रे लब्लाँ यांची नावे त्यांत येतात. सर्वांत जास्त काळ पेन्सिल चालवली ती जॉर्ज ओलेसनने. चित्राची मांडणी ओलेसनची, वरची शाई आणि सही बॅरीची, अशा कितीतरी पट्ट्या आहेत. बॅरी निवृत्त झाल्यावर ओलेसनचे नाव उघडपणे आले. कीथ विल्यम्सच्या शाईसह त्याने 2005 पर्यंत रोजची पट्टी चालवली. म्हणजे बॅरीकडची आधीची वर्षे आणि ही दहा वर्षे जोडली, तर पेन्सिलच्या यादीत ओलेसन थेट वर जातो. मग वेताळ काढला कोणी? आधी रेघ मारणाऱ्याने की दिसणारी रेघ मारणाऱ्याने? या प्रश्नावर मैत्री तुटलेली आहे आणि चहा गार झालेला आहे. हिशेबनीस पेन्सिलला अर्धा आणि शाईला अर्धा गुण देऊन पाहतो. मग अपूर्णांक येतात, आणि अपूर्णांकातला वेताळ त्याला सहन होत नाही.

वाद मिटवायला तो नियम कडक करतो. पेन्सिल आणि शाई दोन्ही ज्याची, तोच खरा. नियम लावला, वही उलटली, बेरीज केली. बॅरी घसरला, ओलेसन घसरला, आणि सर्वांच्या वर येऊन बसला विल्सन मॅकॉय. ज्याच्या चित्रांना नाक मुरडत लहानपण गेले, तोच त्याच्या सर्वांत काटेकोर नियमाने पहिला ठरतो. दुसऱ्या जागेसाठी पॉल रायन पुढे येतो. 2005 पासून 2016 मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याने रोजची पट्टी सांभाळली, आणि तीही तीन हजारांच्या वर भरते. हिशेबनीस काही दिवस गप्प असतो. मग नियम बदलतो.

पुढचा नियम चौकटींचा. जुन्या पट्टीत तीन-चार चौकटी असत, अलीकडच्या पट्टीत दोन-तीन. तेव्हा पट्ट्या न मोजता चौकटी मोजल्या तर न्याय होईल, असे त्याला वाटते. न्याय होतो, पण तो पुन्हा मॅकॉयच्याच बाजूने झुकतो. शिवाय इंद्रजालवरून चौकटी मोजता येत नाहीत, कारण वृत्तपत्रातली आडवी पट्टी पुस्तकाच्या उभ्या पानात बसवताना चौकटी कापल्या, छाटल्या, काही सरळ गाळल्या. शब्दांनाही कात्री लागली होती. मूळ गोष्टीतला देश आपल्याकडे ‘डेंकाली’ झाला, कारण मूळ नाव बंगालच्या फार जवळचे होते. मुलांना त्याने काही फरक पडला नाही. हिशेबनिसाला मात्र गाळलेल्या प्रत्येक चौकटीचा शोक होतो.

मापांचा खरा गोंधळ परदेशात होतो. स्वीडनमध्ये वेताळाचे नियतकालिक 1950 पासून निघते आणि साठच्या दशकापासून तिथे नव्या कथाही तयार होऊ लागल्या. त्या पट्ट्यांत नव्हेत, पानांत काढलेल्या. स्पेनचा हाइमे वायवे, फिनलंडचा कारी लेप्पानेन, स्वीडनचा हान्स लिंडाल अशा मंडळींनी पानेच्या पाने भरली. आता एका पानाच्या किती पट्ट्या धरायच्या? काही हिशेबनीस तीन धरतात, काही चार. ऑस्ट्रेलियात ‘फ्रू’ प्रकाशन 1948 पासून वेताळ छापत आले आहे आणि तिथेही या जमातीची भक्कम वस्ती आहे. तिथल्या हिशेबनिसाशी पत्रव्यवहार झाला, तर दोघे एकमेकांची मुले काय करतात हे कधी विचारत नाहीत.

रविवारच्या पट्टीला अलीकडे बरेच हात लागले. ग्रॅहम नोलन 2000 ते 2006, मग रायन, 2011 मध्ये उरुग्वेचा एदुआर्दो बारेतो, पुढच्या वर्षापासून टेरी बीटी, 2017 पासून जेफ वायगल. रोजच्या पट्टीवर 2016 मध्ये माइक मॅनली आला. हे सगळे चांगले चित्रकार, पण यादीच्या तळाशी. हिशेबनीस त्यांच्याकडे नव्या भाडेकरूंकडे पाहावे तसा पाहतो.

आणि मुखपृष्ठे? इंद्रजालची कित्येक मुखपृष्ठे गोविंद ब्रह्मानिया यांनी रंगवली. पुढे आबिद सुरतींच्या ‘बहादूर’ची चित्रेही त्यांनीच काढली. महाराष्ट्रातल्या पोराने खाऊचे पैसे मोडले ते बहुतेक वेळा त्या मुखपृष्ठाकडे पाहून. आत बॅरी असो की मॅकॉय, विकत घ्यायला लावणारा हात गोविंदांचा होता. हिशेबनिसाच्या वहीत त्यांना जागा नाही. मुखपृष्ठ म्हणजे चौकट नव्हे, असे तो ठामपणे सांगतो. हा त्याचा सर्वांत अन्यायकारक नियम आहे, आणि तो बदलण्याची सूचना केली की तो घड्याळ पाहतो.

तुमचा आवडता कोण, असे या माणसाला विचारले तर तो दुखावतो. आवडीचा संबंधच काय, हा आकड्यांचा विषय आहे, असे म्हणतो. पण त्याचा प्रत्येक नवा नियम बॅरीला परत वर आणण्यासाठीच केलेला असतो. ‘बॅरी मला आवडतो’ हे तीन शब्द उच्चारण्याची वेळ येऊ नये म्हणून त्याने वह्या भरल्या आहेत.

घरच्यांना हा माणूस तसा निरुपद्रवी वाटतो. दारू पीत नाही, राजकारणावर बोलत नाही, आणि माळ्यावरच्या पेट्यांना हात लावला नाही तर आवाज चढवत नाही. त्याच्या वहीचा उपयोगही आहे. इंद्रजालच्या आतल्या पानांवर चित्रकाराची नीट नोंद सहसा नसे, आणि कोणती गोष्ट कोणाची, हे आज सांगू शकणारी माणसे हीच. तेव्हा ज्यांच्या घरी जुने इंद्रजालचे अंक असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी एकदा ओळखीच्या हिशेबनिसाला दाखवावेत. मात्र त्या दिवशी संध्याकाळचे दुसरे काही ठरवू नये.