निरुपयोगी दास

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या सभासद-समुदायांमध्ये, पाळक बदलतात, पंच बदलतात, पेटी वाजवणाराही बदलतो. ‘निरुपयोगी दास’ मात्र कायम असतो. हे बिरुद त्याने लूककृत शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायातून घेतलेले असते. नेमून दिलेले सर्व काम केल्यावरही स्वतःला असेच म्हणवून घ्यावे, असे येशूने तेथे शिष्यांना सांगितले आहे. हा दास मात्र केलेल्या कामाचा भाग आधी सविस्तर ऐकवतो आणि मगच ते दोन शब्द उच्चारतो.

त्याच शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात, मेजवानीला गेल्यावर शेवटच्या जागी बसावे म्हणजे यजमान येऊन वर बसवतो, असा दाखला, म्हणजे बोधासाठी सांगितलेली छोटी कथा, आहे. निरुपयोगी दास ती कथा कार्यक्रमपत्रिका समजून वाचतो. नाताळच्या उपासनेला तो अगदी मागच्या बाकावर बसतो, आणि दुसरे गीत संपेपर्यंत एखाद्या पंचाने दंडाला धरून पुढे नेले नाही, तर त्याला खोकला सुरू होतो. त्या बाकावर आपखुशीने बसणारी आणि उपासना संपताच सतरंज्या गुंडाळून निघून जाणारी म्हातारी त्याला सरकून जागा देते. तिचे व्यक्तिचित्र कोणी लिहीत नाही, कारण तिच्यात हसण्यासारखे काही सापडत नाही.

ही जात नवी नव्हे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांच्या नियमावलीत नम्रतेच्या १२ पायऱ्या सांगितल्या. बाराव्या शतकात मठाधिपती बर्नार्ड यांनी त्यांवर लिहिताना गर्वाच्या १२ पायऱ्या मांडल्या, आणि या दुसऱ्या जिन्यावर त्यांची लेखणी जरा जास्तच रमलेली दिसते. त्यांचा एक मठवासी पंगतीत इतरांची ताटे न्याहाळतो आणि आपल्याहून कमी जेवणारा दिसला की कष्टी होतो. नववी पायरी ढोंगी पापकबुलीची: असा मनुष्य स्वतःला वाटेल तितके हीन म्हणवतो, परंतु ऐकणाऱ्याने ते खरे मानावे अशी त्याची मुळीच इच्छा नसते, आणि एखादा कठोर शब्द किंवा हलकेसे प्रायश्चित्तही त्याचे सोंग उतरवायला पुरते.

मंडळीला बर्नार्ड ठाऊक नसले, तरी ही परीक्षा वार्षिक सभेत आपोआप होते. खजिनदारपदासाठी नाव पुढे येताच दास उभा राहतो आणि आपण या पदास सर्वथा अपात्र असल्याचे सद्गदित स्वरात सांगतो. त्यावर तीनदा आग्रह करायचा असतो ही रीत ठाऊक नसलेला एखादा तरुण ‘बरं, काका’ म्हणून दुसरे नाव सुचवतो आणि ते मंजूरही होते. सोमवारी पाळकसाहेबांच्या टेबलावर चार पानी पत्र येते. त्यात दासाच्या सेवेची सालवार यादी असते, त्या तरुणाच्या आजोबांच्या थकलेल्या वर्गणीचा ओझरता उल्लेख असतो, शेवटी ‘आपला नम्र’ अशी सही असते आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत, बिशपसाहेबांकडे प्रत रवाना केल्याची नोंद असते.