क्लासिक किती फूट?

कादंबरी निवडण्याचे सभ्य मार्ग पुष्कळ आहेत. कुणी परीक्षणं वाचतं, कुणी पुरस्कारांच्या याद्या बघतं, कुणी दुकानात उभ्याउभ्या पहिलं पान चाळून ठरवतं. आमच्या पंतनगरात कादंबऱ्या टेपने मोजून निवडल्या गेल्या.

त्याचं असं झालं. घाटकोपर पूर्वेच्या या म्हाडा वसाहतीतली आमची जुनी बिल्डिंग पाडून तिथे टॉवर उभा राहिला. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये जिम, योगा डेक आणि लायब्ररी अशी चित्रं छापली होती. लायब्ररीच्या चित्रात एक गोरी बाई पाय दुमडून वाचत बसलेली होती. पझेशन मिळाल्यावर कळलं, की लायब्ररी म्हणजे योगा डेक आणि मीटर रूम यांच्यामधली खोली, तीत काचेचं एक कपाट आणि कपाटात झगझगीत दिवे. पुस्तकांचा उल्लेख ॲग्रीमेंटमध्ये कुठेच नव्हता. बाईचाही नव्हता.

मग सोसायटीने निवड समिती नेमली. मला घेतलं, कारण मी लोकलमध्ये पुस्तक वाचताना दोन-तीनदा सापडलो होतो. उपनगरात एवढी पात्रता पुरते. सेक्रेटरी कच्छी, व्यवहाराला चोख माणूस. ते पहिल्या सभेला टेप घेऊनच आले. पाच खण, प्रत्येकी चार फूट, एकूण वीस फूट. टेप फटकन मिटवून त्यांनी विचारलं, "हवे बोला, क्लासिक किती फूट आणि पॉप्युलर किती फूट?"

आठव्या मजल्यावरचे काका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अठरा फूट क्लासिक, दोन फूट पॉप्युलर. सुरुवात 'कोसला'पासून." मी भीतभीत म्हटलं, "बाबा पद्मनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ची. तिला मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात." काका म्हणाले, "ती पहिली असेल. मी सुरुवातीचं बोलतोय."

काकांच्या लेखी मराठी कादंबरी १९६३ साली, नेमाड्यांच्या वयाच्या पंचविशीत जन्मली. त्याआधीचं सगळं म्हणजे त्यांच्या भाषेत 'कच्चं खातं'. लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते विचारतात, "'कोसला' वाचलीत ना?" भेटणारा "हो तर!" म्हणतो आणि पांडुरंग सांगवीकर हे नाव जामिनासारखं पुढे करतो. तळमजला ते आठवा मजला हे अंतर 'वाचली' म्हणायला पुरेसं असतं, उलटतपासणीला पुरत नाही. मुंबईत 'कोसला' वाचलेल्यांपेक्षा वाचल्याचं सांगणारे जास्त असावेत, असा माझा अंदाज आहे. कादंबरी थोर आहे, यात वादच नाही. पण एखादं पुस्तक थोर आहे एवढंच सगळ्यांना माहीत झालं, की ते उघडण्याची निकड कमी होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू इतका वेळ शांत होत्या. त्यांनी विचारलं, "मग ते अठरा फूट वाचायला कोण येणार? तुम्ही एकटेच?"

काकूंचा या विषयातला अधिकार मोठा. घाटकोपर, मुलुंड, बोरीवली, अंधेरी, सगळीकडे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर सर्क्युलेटिंग लायब्ऱ्या होत्या, त्या काळाच्या काकू पदवीधर. एक गाळा, गाळ्यात छतापर्यंत पुस्तकं, थोडं डिपॉझिट, महिन्याची वर्गणी आणि एका वेळी एक पुस्तक, एक मासिक. पुस्तकाला खाकी कव्हर, दाभणाने शिवलेली बाइंडिंग. ती इतकी घट्ट, की प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर शिवणीत जायचं आणि ते आपलं आपण ओळखायचं. गाळ्याचा मालक समीक्षेच्या भानगडीत पडत नसे. त्याच्याकडे तीनच वाङ्मयप्रकार होते: हलकं, जड आणि ऐतिहासिक. "काकू, शैलजा राजे आलीय, तुमच्यासाठी काउंटरखाली ठेवलीय," असं तो म्हणायचा, आणि काउंटरखाली जागा मिळणं हा त्या काळी लेखकाला मिळणारा मोठा सन्मान होता. योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, ज्योत्स्ना देवधर, बाबा कदम यांची पुस्तकं कपाटात कधी दिसायचीच नाहीत. विचारलं की उत्तर ठरलेलं, "बाहेर गेलंय. नंबर लावा." बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, म्हणून त्यातली एखादी तरी आत सापडायची.

आणि या पुस्तकांना समासात समीक्षा असायची. कुणी पेन्सिलीने नायकाच्या नावापुढे 'नालायक' लिहिलेलं. त्याच्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात 'शेवटी सुधारतो'. झालं, पुढच्या दीडशे पानांची उत्कंठा खलास. शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीत परतीच्या तारखांचे शिक्के. ती चिठ्ठी भरली, की तिच्यावर दुसरी चिकटवायची. काकू सांगतात, "ज्या पुस्तकाला चिठ्ठीवर चिठ्ठी, ते डोळे मिटून घ्यायचं." मी आजवर वाचलेल्या पुष्कळशा प्रस्तावनांपेक्षा हा सल्ला मला भरवशाचा वाटतो.

काकांना तो अर्थातच पटला नाही. तेव्हा मी तोडगा म्हणून हरिभाऊ आपट्यांना पुढे केलं. हरिभाऊ क्लासिक, यावर काकाही नाही म्हणू शकत नव्हते. पण 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मधून तुकड्यातुकड्यांनी येत होती. तिकडे डिकन्सही असाच हप्त्याहप्त्याने छापला जायचा. शिवाय हरिभाऊंवर रेनॉल्ड्सचा प्रभाव, आणि रेनॉल्ड्स म्हणजे त्या काळचा इंग्रजीतला काउंटरखालचा लेखक. म्हणजे आजचा आपला वरचा खण कालच्या खालच्या खणातून आलेला. सेक्रेटरींना हरिभाऊंच्या कादंबरीचं नाव तेवढं आवडलं. पार्किंगच्या नोटिशीखाली त्यांनी ते दोनदा वापरलं.

खरा पेच खांडेकरांनी केला. 'ययाति'ला साहित्य अकादमी मिळालेली, १९७४ सालचं ज्ञानपीठ तिच्या खांडेकरांना, म्हणजे क्लासिक. पण घरोघरच्या शोकेसमध्ये लग्नाच्या आहेरातली 'ययाति' हटकून असते, म्हणजे पॉप्युलर. काका म्हणाले खालचा खण, काकू म्हणाल्या वरचा. इतक्यात सेक्रेटरी म्हणाले, "खांडेकर तो आमचाच ना?" त्यांनी खांडेकर सगळे गुजरातीतून वाचलेले. मराठी माणसांनी मामा वरेरकरांच्या अनुवादातून शरद्‌बाबूंना असंच घरचं मानलं, त्यामुळे आम्हाला तक्रारीला जागा नव्हती. शेवटी मराठीतल्या दोन ज्ञानपीठवाल्या कादंबरीकारांना, खांडेकरांना आणि नेमाड्यांना, मधल्या खणात शेजारीशेजारी ठेवलं. खांडेकर-फडके परंपरेवर नेमाड्यांनी आयुष्यभर जे कोरडे ओढले ते पाहता ही शेजारव्यवस्था कितपत टिकेल याची मला काळजी होती. पण टॉवरमध्ये असे शेजारी सगळ्यांनाच असतात.

समितीत कॉलेजात शिकणारी एक मुलगीही होती, तरुण पिढीची प्रतिनिधी म्हणून. ती सभाभर फोनमध्ये होती. मान वर न करता ती म्हणाली, "क्लासिक म्हणजे ज्याचा कॉपीराइट संपलाय ते. लेखक गेल्यावर साठ वर्षांनी फुकट." काकांनी हिशोब केला. या व्याख्येने साने गुरुजी केव्हाच क्लासिक झालेले, आणि नेमाडे ठणठणीत असल्याने 'कोसला'ला अजून फार अवकाश. काका त्या संध्याकाळी योगालाही आले नाहीत.

दरम्यान पुस्तकं विकत घ्यायची, की मागायची, यावर जनरल बॉडीत मतदान झालं आणि मागायची हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. लॉबीत खोका ठेवला. आठवडाभराने उघडला तर निम्मा खोका 'मृत्युंजय'. १९६७ पासून ही कादंबरी मराठी घरात कुणी विकत आणत नसावं. ती मुंजीत, बारावीच्या निकालाला, निरोप समारंभाला, कशाकशाला येते. एका प्रतीवर 'चि. सौ. कां.'ला दिलेला आशीर्वाद होता आणि पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. बाकी 'श्यामची आई' शाळेच्या बक्षिसाच्या शिक्क्यासह, 'स्वामी'चा एक थर, मधुमेहावरची तीन पुस्तकं आणि मिक्सरचं माहितीपत्रक.

निवडीचा खरा निकष मात्र मला लोकलने शिकवला आहे. तो म्हणजे जाडी. बोरीवलीकराची गाडी बोरीवलीहूनच सुटते. त्याला खिडकी मिळते, तासभर बूड हलवावं लागत नाही. तो पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड पावसाळ्याच्या आत संपवू शकतो. घाटकोपरला येणारी गाडी आधीच भरलेली, त्यातून २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून अख्खी अंधेरी आमच्या पुलावर उतरते. आम्हाला एका हातात कडी, दुसऱ्या हातात मावेल तेवढंच साहित्य. फार तर चौथी सीट मिळाली तर भाऊ पाध्यांची 'वासूनाका'. पेंडसे स्वतः बेस्टच्या नोकरीत होते. त्यांनी तरी उभ्या प्रवाशांचा विचार करायला हवा होता. परवा मेट्रोत एक मुलगा उभ्याने 'दुनियादारी' वाचताना दिसला. सुहास शिरवळकरांनी ती १९८२ मध्ये लिहिली, २०१३ मध्ये सिनेमा आला, आणि कट्ट्यावरच्या मुलांची ती गोष्ट अजून मेट्रोच्या गर्दीत एका हाताने धरली जाते. याला काय म्हणायचं ते काकांनी अजून सांगितलेलं नाही. सिनेमाचं म्हणाल तर २०२५ मध्ये 'छावा' येऊन गेल्यावर आमच्याच टॉवरमधली मुलं शिवाजी सावंतांची १९७९ची कादंबरी मागायला आली. ती पाहून बरीचशी वजनानेच परत गेली. पण दोघांनी नेली.

तर कपाट भरलं. ऐतिहासिक खण सर्वांत आधी भरला: 'स्वामी', 'श्रीमान योगी', इनामदारांची 'राऊ', विश्वास पाटलांची 'पानिपत', 'संभाजी'. सेक्रेटरी खूष, कारण ऐतिहासिक कादंबरी फूट लवकर भरते. चौथ्या दिवशी बिल्डरचा प्लायवूड मधोमध वाकला आणि 'पानिपत' पुन्हा एकदा पडलं.

सुताराला बोलावलं. त्याने सगळी पुस्तकं खाली उतरवली, खालून पट्टी मारली, आणि परत लावता लावता तो थांबला. "ह्यात अण्णाभाऊ नाहीत?" त्याने विचारलं. "घाटकोपरची लायब्ररी, आणि 'फकिरा' नाही?" तो चिरागनगरचा होता.

काका म्हणाले, "मला वाटलं, पॉप्युलरच्या यादीत असेल." काकू म्हणाल्या, "मला वाटलं, क्लासिकच्या." दोन्ही याद्या माझ्याच हातात होत्या. दोन्हीत नव्हती.

आमच्या टॉवरमधून खाली उतरा, स्टेशनचा पूल ओलांडा, पश्चिमेला एलबीएस रोडच्या दिशेने चालू लागा, की चिरागनगर येतं. तिथल्या झोपडपट्टीत अण्णाभाऊ साठ्यांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं काढली आणि लिहिली. शाळा दीड दिवसाची, कादंबऱ्या तीसच्या वर. 'फकिरा' १९५९ची, म्हणजे ज्या वर्षी 'ययाति' आली त्याच वर्षीची. तिला १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. तिला क्लासिक म्हणायला काकांनी कुणाच्या सहीची वाट बघायचं कारण नव्हतं. आणि ती पॉप्युलर किती, तर आमच्या सुताराने ती वाचली होती. त्याच आठवड्यात समितीतल्या किती जणांनी 'कोसला' वाचली आहे हे मी विचारून घेतलं होतं. तो आकडा इथे देत नाही. २०२२ साली मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसवला गेला. म्हणजे घाटकोपरचा लेखक मॉस्कोच्या ग्रंथालयात सापडतो, पंतनगरच्या सापडत नाही. यात मॉस्कोचा दोष नाही.

टेपने मोजलं, की असं होतं. क्लासिकवाले वर बघतात, पॉप्युलरवाले खाली बघतात, आणि दोन्हींत बसणारं पुस्तक मधल्यामध्ये राहतं. माझं मत विचाराल तर कादंबऱ्यांच्या या दोन जाती पाडणाऱ्यांनी लायब्ररीचं कार्ड कधी काढलेलं नसतं. ज्याच्या चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटली आणि तरी साठ वर्षांनी कुणी सुतार त्याची चौकशी करतो, ते पुस्तक घ्यावं. खण कुठला, हे नंतर सेक्रेटरी बघतील.

'फकिरा' दुसऱ्याच दिवशी आणली. मधल्या खणात, खांडेकर आणि नेमाडे यांच्या बरोब्बर मध्ये ठेवली, त्यामुळे तो शेजारचा प्रश्नही सुटला. सध्या ती बाहेर गेली आहे. पुढचा नंबर काकूंचा, त्यांच्यानंतर काकांचा. त्यांनी नाव अगदी बारीक अक्षरात लिहिलंय, पण लिहिलंय. कपाटाची किल्ली वॉचमनकडे असते, सकाळी आठ ते रात्री नऊ. तुमच्याकडे अण्णाभाऊंची कुठलीही कादंबरी जास्तीची असेल, फाटकी असली तरी, तर आणून द्या. 'मृत्युंजय' मात्र कृपा करून आणू नका.