भाडं बंद, गळती चालू

गिरगावातल्या एका चाळीने यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मालकाविरुद्ध भाडेबंदी पुकारली. गच्ची गळते. तिसऱ्या मजल्यावरच्या सामाईक संडासाचं छत गेल्या वर्षी खाली उतरलं ते पुन्हा वर चढलं नाही. जिन्याच्या कुठल्या पायरीवर पाय द्यायचा आणि कुठली वगळायची, हे फक्त रहिवाशांनाच ठाऊक असल्याने चोर वर येत नाहीत, एवढाच काय तो फायदा. सभा भरली, ठराव झाला : दुरुस्ती नाही तोवर मालकाला दिडकी मिळणार नाही! टाळ्या पडल्या. टाळ्यांबरोबर थोडा गिलावाही पडला. पुढचे ठराव मग नुसते हात वर करून संमत झाले.

आता मालक शरण येणार, असं आम्हालाही वाटलं. मग आकडा कळला. खोलीचं भाडं महिन्याला 120 रुपये. बिऱ्हाडं तीस. म्हणजे शत्रूची जी रसद तोडायची, ती महिन्याला 3,600 रुपये. मालक मलबार हिलला राहतो. त्याच्या कुत्र्याचे केस कापणारा घरी येतो, तो याहून जास्त घेतो.

हे 120 रुपये आले कुठून, याचीही एक कथा आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या खोल्यांचं भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्यावर बांधून टाकलं. दुसरं महायुद्ध संपलं, ब्रिटिश गेले, आण्यांचे पैसे झाले, गिरण्या बंद पडल्या, तरी भाडं 1940 मध्येच बसून राहिलं. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणं अवाजवी ठरवलं, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. 1999 चा नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि मालकाला दरसाल चार टक्के वाढ मिळाली. 120 चे चार टक्के म्हणजे 4 रुपये 80 पैसे. मालकाचे मेहताजी ऐंशी पैसे सुटे नसल्याने चार रुपयांवर समाधान मानतात.

मालकाची कीव यावी असंच हे चित्र आहे. पण घाई नको. सभेत ठराव मांडणाऱ्या गृहस्थांनी गेल्याच वर्षी आपल्या दोन खोल्यांतली एक पागडीने ऐंशी लाखांना दिली. मालकाने त्यातला आपला हिस्सा मोजून घेतला आणि नव्या भाडेकरूच्या नावाने 120 रुपयांची पावती फाडली. त्या बैठकीत गच्चीचा विषय निघाला नाही. देणाऱ्याने काढला नाही, घेणाऱ्याने विचारला नाही आणि मालकाने तर छताकडे मान वर करून पाहिलंही नाही. ऐंशी लाखांत न गळणारी गच्ची 120 रुपयांत मात्र धो धो गळते.

चाळीत प्रत्येक मजल्यावर एक कायदेपंडित असतो. दुसऱ्या मजल्यावरचे पंडित बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना कलम आणि व्याज दोन्ही येतं. त्यांनी 1999 च्या कायद्याचं कलम 14 काढलं. जागा राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं कर्तव्य. ते त्याने टाळलं तर लेखी नोटीस द्यायची, किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची, आणि तरीही तो हलला नाही तर दुरुस्ती आपण करून खर्च भाड्यातून कापून घ्यायचा. ऐकून सभा हरखली. ‘हे आधी का नाही सांगितलंत?’ असं चौघांनी विचारलं. ‘पुढचं वाक्य वाचलं होतं म्हणून,’ पंडित म्हणाले.

पुढचं वाक्य असं, की एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त असता कामा नये. वर्षाचं भाडं 1,440. चौथा हिस्सा 360. गच्चीच्या दुरुस्तीचा अंदाज कंत्राटदाराने दिला होता दोन लाख ऐंशी हजार, म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडामागे 9,333 रुपये. दरसाल 360 प्रमाणे वसुलीला सव्वीस वर्षं. तळमजल्यावरच्या आजींनी आपलं वय सांगितलं आणि सभेची परवानगी घेऊन त्या झोपायला गेल्या.

पण कायदा कनवाळू आहे. भाडेकरूंनी मिळून दुरुस्ती केली, तर खर्चावर त्यांना पंधरा टक्के सरळ व्याजही मिळतं. 9,333 वर वर्षाचं व्याज होतं 1,400 रुपये. कापून घेता येतात 360. म्हणजे मुद्दल राहिलं बाजूला, व्याजसुद्धा फिटत नाही आणि मालकाच्या डोक्यावरचं कर्ज दरसाल हजारावर रुपयांनी वाढत जातं. पंडितांनी हे फळ्यावर मांडून दाखवलं तेव्हा चाळीत कितीतरी वर्षांनी आनंद पसरला. शेठ आपला ऋणको! तोही कधी न फिटणारा! गच्चीचं काय, या प्रश्नाकडे मग कुणी लक्ष दिलं नाही.

भाडेबंदीची बातमी शेठना सांगितल्यावर त्यांची प्रतिक्रिया काय होती, असं आम्ही मेहताजींना विचारलं. ‘पेढे मागवले,’ मेहताजी म्हणाले. इतकी वर्षं शेठजींच्या वकिलाला भाडेकरूंविरुद्ध एक धड कारण सापडत नव्हतं. मंडळी कितीही भांडोत, भाडं मात्र वेळेवर भरत. आता थकबाकीची नोटीस जाईल, नव्वद दिवस थांबायचं, मग धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात खोली खाली करून घेण्याचा दावा. भाडेकरूला समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत पंधरा टक्के व्याज आणि खर्चासकट बाकी भरून टाकायची सवलत आहे खरी. 1,440 चं वर्षाचं व्याज 216 रुपये, वकिलाची एक तारीख त्याच्या कितीतरी पट. पण तिसांपैकी दोघे-तिघे गावी असतात, एखाद्याचं समन्स सून कपाटावर ठेवून विसरते. शेठजींना तेवढे दोघे-तिघे पुरतात.

मग सरकारच्या इमारत दुरुस्ती मंडळाकडे जावं, असं सुचवणारा एक तरुणही सभेत होता. नवखा होता. मुंबई शहरात 1969 साली जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसला तेव्हा अशा इमारती 19,642 मोजल्या गेल्या. आपली चाळ त्यातलीच. मंडळाचे लोक आले, त्यांनी पाहणी केली आणि टेकू लावले. ते तात्पुरते आहेत, असं त्यांनी सांगितलं त्याला आता एक तप झालं. हल्ली त्या टेकूंना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात, आणि कुठला टेकू कुणाचा यावरून दोन बिऱ्हाडांत अबोला आहे.

समजा, एक दिवस चाळ बसलीच, तर? पंडितांकडे याचंही उत्तर होतं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की इमारत नष्ट झाली म्हणून भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही. भाडेपट्ट्यात खालची जमीनही आली. तेव्हा भिंती जातील, छत जाईल, कदाचित आपणही जाऊ. भाडेकरूपण मात्र शाबूत राहील. सभेला याने फार धीर आला.

आमचा सल्ला सभेने मानला नाही, म्हणून तो इथे देतो. चाळकऱ्यांनो, भाडं बिलकूल थकवू नका. महिन्याच्या पाच तारखेला तीसजणांनी रांगेने शेठच्या दारात जावं आणि 120 रुपये त्याच्या हातात ठेवावेत. पावती तिथेच मागावी. त्याने पैसे घ्यायला नकार दिला तर पोस्टाने पाठवावेत आणि पोस्टाची पावती खोलीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावी. दुरुस्तीची नोटीसही दरवर्षी नेमाने द्यावी, तिची पोच घ्यावी. ज्या मालकाला तुमचं भाडं नकोच आहे, त्याला ते दर महिन्याला घ्यायला लावण्याइतका दुसरा छळ नाही.