लॉगिन साहेबांकडे आहे

सरकारी मजकूर कोणी आणि कसा लिहावा, यावरचं एक फार जुनं मार्गदर्शन म्हैसुरात सापडलं. इथल्या प्राच्य ग्रंथालयात १९०५ साली आर. शामाशास्त्रींच्या हाती ग्रंथ लिपीतली ताडपत्रं लागली आणि १९०९ मध्ये त्यांनी कौटिल्याचं ‘अर्थशास्त्र’ छापलं. त्यात राजाज्ञा लिहिणाऱ्या लेखकावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याला सगळे संकेत ठाऊक हवेत, मजकूर झटपट रचता यावा, अक्षर सुरेख असावं, वाचताही यावं. पुनरुक्ती, परस्परविरोध, अपशब्द हे दोष टाळावेत. पान काळवंडलेलं नको, एवढंच पानाबद्दल सांगून कौटिल्य पुढे जातो. बाकी सगळं लिहिणाऱ्याबद्दल आणि लिहिलेल्याबद्दल. आज आपल्याकडे मात्र शाळा, संस्था, नगरपालिका जेव्हा वेबसाइटसाठी सॉफ्टवेअर निवडायला बसतात, तेव्हा निविदेची चाळीस पानं पानाबद्दल असतात आणि लिहिणारा कारकून त्या वेळी शेजारच्या खोलीत आवक-जावक नोंदवत असतो.

निविदेत ‘वापरण्यास सुलभ’ ही अट असतेच. सुलभता तपासायची रीतही ठरलेली आहे: कंपनीचा अभियंता पडद्यावर पाच मिनिटांत बातमी चढवून दाखवतो आणि साहेब मान डोलावतात. ज्याने सॉफ्टवेअर बनवलं त्याला ते सोपं जातं, हे सिद्ध होतं. ज्यांनी मान डोलावली ते उभ्या आयुष्यात एकही सूचना चढवणार नसतात, हे कोणी विचारत नाही. सोपं म्हणजे कोणाला सोपं, याचा धडा वर्डप्रेस या वेबसाइटच्या सॉफ्टवेअरनेच दिला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीबरोबर त्यांनी गुटेनबर्ग हा नवा संपादक आणला, ठोकळे जुळवून पान रचायचा, अधिक सुलभ म्हणून. त्यानंतर जुना संपादक परत आणणारं प्लगइन पन्नास लाखांहून अधिक साइटांवर बसवलं गेलं. लोकांना नवं कळत नव्हतं असं नाही. त्यांचा हात जुन्याला सरावलेला होता, आणि काम हातानेच होतं.

खरी अडचण तर त्याच्याही आधीची. कारकून सूचना टाइप करतो ती वर्षानुवर्षांच्या सवयीने जुन्या फॉन्टमध्ये: कर्नाटकात नुडीच्या जुन्या धाटणीत, महाराष्ट्रात श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये. ती वेबसाइटच्या चौकटीत पेस्ट केली की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांची गिचमिड उमटते, कारण त्या फॉन्टचे संकेत युनिकोडचे नव्हेत. मग तो शहाणपणा करतो. कागद छापतो, शिक्का मारतो, स्कॅन करतो आणि तिरकी पीडीएफ जोडून मोकळा होतो. ती शोधात सापडत नाही, अंधांच्या स्क्रीन रीडरला तर ते नुसतं चित्र. ज्या म्हैसुरात १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान आहे आणि इन्फोसिसच्या आवारात हजारो अभियंते घडतात, तिथल्या निविदेतही ‘आमच्या लिपीत टाइप करून दाखवा’ ही एक ओळ टाकायला कोणाची बंदी आहे?

लिहिणाऱ्यालाच वेबसाइट हाताळू द्यावी, यावर ठरलेला आक्षेप असा, की कारकुनाच्या हाती बटण दिलं तर तो भलतंच काही प्रसिद्ध करील. पण वर्डप्रेसमध्ये ‘कंट्रिब्युटर’ लिहू शकतो, प्रसिद्ध करू शकत नाही. मंजुरी ‘एडिटर’ देतो. ड्रुपल या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही मसुदा, तपासणी, प्रसिद्धी अशा पायऱ्या लावता येतात. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि मजकूर कोण देणार, कोण तपासणार, कोण मंजूर करणार याचं लेखी धोरण त्यांना हवं असतं. प्रत्यक्षात मात्र हे तिन्ही अधिकार एकाच पासवर्डात कोंडलेले असतात, तो पासवर्ड साहेबांकडे असतो, आणि साहेबांची बदली झालेली असते.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: वर्डप्रेस, ड्रुपलसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरला जबाबदार कोण? मुद्दा रास्त आहे, कारण अद्ययावत न ठेवलेली प्लगइनं ही चोरांसाठी उघडी खिडकी. पण उत्तर महागड्या परवान्यात नाही, देखभालीच्या करारात आहे. आणि सरकारी कचेऱ्यांसाठी तर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची तयार संकेतस्थळ-सेवा आहे, सुरक्षेची काळजी तेच घेतात. उद्घाटनाची फीत आणि नारळ यांची तरतूद अंदाजपत्रकात होते, पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीची होत नाही, एवढीच काय ती तांत्रिक अडचण.

तेव्हा पुढच्या प्रात्यक्षिकाला अभियंत्याला बाकावर बसवा आणि सूचना लिहिणाऱ्या बाईंना संगणकासमोर. पाणीपुरवठा बंद राहण्याची एक सूचना त्यांना कन्नडमध्ये, मराठीत, ज्या भाषेत लागते तिच्यात टाइप करू द्या, तारीख चुकवून पुन्हा दुरुस्त करू द्या, मोबाइलवर उघडून पाहू द्या. कोणालाही न विचारता त्यांना ते जमलं, तर करारावर सही करा. नाही जमलं तर कंपनीला चहा पाजून परत पाठवा.