टेस्ट करून पसारा कसा मागे ठेवावा

बोईसर-पालघरहून सकाळची लोकल पकडून मुंबईच्या ऑफिसात जाणाऱ्या आणि नुकतंच टेस्ट लिहायचं काम गळ्यात पडलेल्या मुलामुलींसाठी ही मार्गदर्शिका. डहाणूपर्यंत लोकल 2013 पासून धावते, तेव्हा बसायला जागा मिळाल्यास वाचायला वेळच वेळ.

पायरी पहिली. टेस्टला लागणारा ग्राहक, त्याची ऑर्डर, तात्पुरती फाइल हे सगळं प्रत्येक टेस्टच्या पोटात नव्याने लिहा. केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी 1997 मध्ये झुरिचहून अटलांटाला जाताना विमानात जेयुनिट हे टेस्ट चालवायचं साधन लिहायला घेतलं. त्यात ही मांडामांड एकदाच लिहिण्यासाठी प्रत्येक टेस्टआधी चालणारं सेटअप आणि आवरायला नंतर चालणारं टेअरडाउन आहे. पण त्यांना बसायला सीट होती.

पायरी दुसरी. आवराआवरीच्या ओळी टेस्टच्या अगदी शेवटी टाका. टेस्ट मध्येच नापास झाली की तिथवर कोणी पोचत नाही, ‘टेस्ट पाटील’ नावाचा खोटा ग्राहक डेटाबेसमध्ये मुक्काम ठोकतो आणि पुढची निर्दोष टेस्ट ‘हा ईमेल आधीच नोंदलेला आहे’ म्हणत लाल होते. एकटी चालवली की हिरवी, सगळ्यांबरोबर लाल. साहेबांना सांगा, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.

घरी मात्र हे बोलू नका. तारापूर एमआयडीसीतल्या औषध कंपनीत रात्रपाळी करणारे बाबा हसतील. एक औषध संपवून दुसरं घ्यायचं तर तिथे रिअ‍ॅक्टर धुतात, स्वॅब लॅबला जातो, रिपोर्ट आल्याशिवाय पुढची बॅच लागत नाही. ‘बॅच बिघडली म्हणून धुवायचं नाही का रे?’ एवढंच ते विचारतील. टेअरडाउनचं म्हणणं तेच आहे: टेस्ट पास होवो की नापास, ते चालतं.

पायरी तिसरी, जरा मुरलेल्यांसाठी. सेटअपमध्ये आधी सर्व्हर सुरू करा, मग डेटाबेस जोडा आणि निर्धास्त राहा. जोडताना सेटअपच कोसळलं तर पायथॉनचं युनिटटेस्ट टेअरडाउनला हाकच मारत नाही. सर्व्हर पोर्ट अडवून बसतो. यावर अ‍ॅडक्लीनअपची सोय आहे: सर्व्हर उठला की लगेच तो बंद करायची नोंद करायची. सेटअप मोडलं तरी या नोंदी चालतात, शेवटची सगळ्यात आधी. पायथॉनच्याच पायटेस्टमध्ये सर्व्हर आणि डेटाबेसला दोन वेगळी फिक्स्चर करा, म्हणजे वस्तू मांडणारी आणि यील्डखाली ती आवरणारी फंक्शनं. दुसरं कोसळलं तरी पहिल्याच्या यील्डखालच्या ओळी चालतात. मात्र असं केलंत तर संध्याकाळची गाडी वेळेत मिळेल, ऑफिसात मेहनती म्हणून नाव होणार नाही.

आता चेष्टा बाजूला. टेअरडाउनमधल्या टेबलं रिकामी करणाऱ्या कोडला आपण कुठल्या डेटाबेसवर आहोत हे कळत नाही. चालवण्यापूर्वी कनेक्शनचं नाव वाचा. ते खऱ्या ग्राहकांचं निघालं तर काहीही दाबू नका, सीनियरला बोलवा.